वहीतलं नाव

क्रान्जच्या रंगाच्या कारखान्यात
झ्देन्का जमाखर्च लिहिते.
छातीवर नंबर नाही, घरात एक पदक नाही.
पहाटे सायकल, सावा नदीच्या पुलापर्यंत;
तिथे कुलूप, मग बीचच्या झाडीतून
चढ, चढ, गुडघ्यांची कुरकुर.

माथ्यावर पत्र्याची पेटी. पेटीत वही.
वहीत रोज तिच्या आधी एकच नाव:
बोगोमिर, ५.१०.
तिरकं अक्षर. पेन्सिलचं टोक चावलेलं.
वर्षभर त्या नावामागे पळाली,
धापा टाकत, शिव्या घालत,
पाच-दहा मिनिटांनी हरत.

मार्चमध्ये ५.२५.
मे महिन्यात ५.५०, अक्षर ओळीखाली घसरलेलं.
आकड्यांतली बाई ती.
काही न ठरवता
तिनं गजर पुढे सरकवला.

तरी काल वळणावर दिसलीच एक पाठ:
निळी टोपी, दोन काठ्या,
दर दहा पावलांवर थांबा.
पुढे जायला वाट होती. पायांत दमही.

ती खाली बसली.
बांधलेली नाडी सोडली,
पुन्हा बांधली.
मग दुसऱ्या बुटाची.

वर पोचली तेव्हा पेन्सिल अजून कोमट होती.
बोगोमिर, ६.४०.
त्याखाली तिनं लिहिलं, झ्देन्का, ६.५५,
आणि कामाला उशीर झाला.