पावणेतीन, दोन्ही

मंगळवारी साडेसातला आम्ही जमतो
ओटाटाऊच्या जुन्या बंबखान्यामागच्या खोलीत.
अकरा जण. एके काळी चव्वेचाळीस होतो,
कोटांसाठी भिंतीवर अजून तेवढ्याच खुंट्या आहेत.
उशिरा येणाऱ्याला एक डॉलर दंड.
ट्रेव्हर तो आल्या आल्या डब्यात टाकतो,
कुणी काही म्हणायच्या आत.

मी नोएलीन. चिटणीस.
लिहिते : मॅकॅस्किलबाईंच्या दारात लाकडं उतरवली, तीन ट्रेलर.
लिहिते : हेनारेच्या ओट्याला उतार केला,
चाकाची खुर्ची एकदा अडली, मग रंधा मारला.
लिहीत नाही : हेनारे त्या खुर्चीत बसून
खिळा कसा धरायचा ते आम्हांला शिकवत होता
आणि बरोबर शिकवत होता.

मग चष्मे.
दवाखान्यात, लायब्ररीत, खाटकाच्या काउंटरवर
आमची खोकी असतात. लोक टाकतात
मेलेल्यांचे, वाढलेल्या पोरांचे, फॅशन सरलेले,
एकदा तर नुसतीच दोरी.
भांड्यांच्या साबणाने धुवायचे,
यंत्राखाली धरायचे, डोळ्यांत तेल घालून नंबर वाचायचा,
नंबर पाकिटावर, पाकीट खोक्यात, खोकं जहाजावर,
जहाज वानुआटूला, तिथून टान्ना बेटावर.
दृष्टीआड सृष्टी म्हणतात.
आम्ही तर दृष्टीच पाठवत होतो,
सृष्टी तिकडची कुणीच पाहिली नव्हती.

मेच्या थंडीत हाताला एक चष्मा लागला :
तपकिरी, जाड, डाव्या काडीच्या टोकावर दातांचे व्रण.
शब्दकोडं अडलं की मर्डॉक ती चावायचा.
मीच टाकला होता, मार्चमध्ये,
चॉप्सचे पैसे देता देता, खोक्याकडे न बघता.
"किती?" बेरिलने पेन उचललं.
नंबर मला पाठ होता. तरी यंत्रात पाहिला.
"प्लस पावणेतीन," म्हटलं. "दोन्ही."
तिने लिहिलं. व्रण तिला दिसलेच असणार.
पाकीट तिने जरा जास्त वेळ चिकटवलं.

ऑगस्टमध्ये पत्र आलं, तिथल्या नर्सचं, लेआ यारुएलचं.
पहिल्या ओळीत आभार. दुसरीपासून हिशेब :
चारशे बारा आले, उपयोगी एकशे साठ.
बाकीच्यांत एक काच एका नंबरची, दुसरी दुसऱ्या,
ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुरती.
"असा चष्मा लावून बाई सुईत दोरा ओवते खरी,
पण संध्याकाळी कपाळ धरून बसते.
दोन्ही काचा सारख्या, असे साधे चष्मे नवेच घ्या,
तुमच्या जहाजभाड्याहून स्वस्त पडतात.
नाहीतर आमच्या विलीला डोळे तपासायला शिकवा."

खोलीत कुणी बोलेना.
मग ट्रेव्हर म्हणाला, नाकापेक्षा मोती जड झाला म्हणायचा.
डूगल चिडला. वीस वर्षं काय मग नुसतं धूतच बसलो?
हो, बेरिल म्हणाली. बसलो. चहा घे.
ठराव झाला, सात विरुद्ध तीन.
मी मत दिलं नाही, मी लिहीत होते :
शनिवारी सॉसेज भाजायचे, विलीच्या शिक्षणासाठी.

पत्रासोबत कॉफीचा पुडा होता आणि सहा फोटो.
एक बाई चटई विणतेय.
एक म्हातारा रताळ्यांच्या पोत्यावर बसून
बायबल हातभर लांब धरायचं विसरलाय.
मी एकेक नाक पाहिलं, भिंग घेऊन पाहिलं.
एक तपकिरी चष्मा होता, पण काडीचं टोक केसांत गेलेलं.
त्या बाईने मान थोडी वळवली असती तर.

मर्डॉकचे डोळे सारखे होते, दोन्ही.
एकशे साठांत तो असायला हरकत नाही.
हे मी कुणाला बोलले नाही,
इतिवृत्तात तर नाहीच.

कॉफी फार कडक निघाली. आम्ही चहावाले,
डूगलने निम्मं दूध घातलं, तरी दोन कप प्यायला.
शनिवारी वारा होता, तंबूची एक दोरी तुटली.
एकशे त्र्याऐंशी सॉसेज खपले.
कांदा कमी पडला, असं लिहिलंय.