न मरणारी मेंढरं

भिंत आधी धुवायची,
नारळाच्या काथ्यानं, साबण न लावता.
मग ओला कागद तिला असा चिकटवायचा
की दगडाला वाटावं, आपलंच कातडं.
दोरैकण्णू सांगत जायचे, मी बादली धरून उभा,
चौदा वर्षांचा, रोज दीड रुपया.
ब्रशनं हळूहळू ठोकलं की कागद अक्षरांत उतरतो,
वरून शाईचा बोळा.
जे खोल आहे ते पांढरं राहतं, म्हणायचे,
आणि तंबाखू थुंकायला पार गोपुराबाहेर जायचे.

उत्तरेच्या भिंतीवर, वटवाघळांच्या घाणीखाली,
आम्हाला सापडली शहाण्णव मेंढरं.

नक्कन् पूमी नावाची कुणी बाई, देवळात नाचणारी,
एका दिव्यासाठी देऊन गेली होती.
मेंढरं सांभाळायची चात्तन् कुन्रन् या धनगरानं,
रोज एक उळक्कु तूप आणून घालायचं,
चंद्र-सूर्य असेतो.
आणि मेंढरं कशी, तर
न मरणारी, न म्हातारी होणारी.

मी फिदीफिदी हसलो.
आमच्या बापाची सात होती,
त्यातली चार ऐप्पसीच्या पावसात
खुरं सडून गेली होती.
दोरैकण्णूंनी बोळा खाली ठेवला.
मेंढरू मरतं रे, आकडा मरत नाही.
एक गेलं की कोकरू मोजायचं त्याच्या जागी.
शहाण्णव म्हणजे शहाण्णव.
आणि कुन्रन् मेला की?
त्याचा पोरगा.
तो नाही म्हणाला तर?
ते काही बोलले नाहीत. ओल्या कागदावरून
नुसतं बोट फिरवलं.
न मरणारा, न म्हातारा होणारा
असं त्या माणसापुढं कुठंच कोरलं नव्हतं.

कोपऱ्यावर वाक्य तुटलं.
कधीतरी जीर्णोद्धार झाला, गवंड्यांनी दगड उतरवले,
चढवताना जो हाताला आला तो चढवला.
पुढं कुठं तेलाचा हिशेब, तोही उलटा,
मग कुणाची तरी नारळाची बाग,
आमची मेंढरं नाहीत.

अकराव्या दिवशी तळ्यावर,
पाचव्या पायरीला, अंसवल्ली धुणं आपटत होती.
तिच्या पिळ्याखालून एक वेलांटी डोकावली.
ऊठ जरा, दोरैकण्णू म्हणाले, सरकारी काम आहे.
तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.
आठशे-नऊशे वर्षं थांबलाय ना?
मग अजून तीन लुगडी थांबेल.

आम्ही थांबलो.
लुगडी झाली, एक चादर झाली,
मग एका पोराची चड्डी निघाली, तीही झाली.
तिनं स्वतःच दगडावर पाणी मारून दिलं.
कागदावर उठलं ते एवढंच:
‘तूप’, आणि त्यानंतर ‘चंद्र’.
सूर्य धुऊन गेला होता.
तिच्या आईनं, आजीनं, त्याआधीच्या कुणी कुणी,
रोज थोडा थोडा.

तो कागद गुंडाळीत बांधून म्हैसूरला गेला.
दोरैकण्णूही गेले, दम्यानं, बदलीच्या गावी.
दिव्याच्या कोनाड्यात आता ट्यूबलाइट आहे,
तिच्यावर देणगीदाराचं नाव, लाल रंगात,
बापाच्या नावासकट आणि तांदळाच्या गिरणीसकट,
इतकं ठसठशीत
की उजेडाला बाहेर यायला वाट नाही.
हसू नका. पूमीनंही तेच केलं होतं.
फक्त तिनं जागा बरी निवडली.

मी देवळाबाहेर चपला सांभाळतो.
टोकन देतो, आकडा लक्षात ठेवतो,
माणसं चेहऱ्यानं आठवत नाहीत.
दुपारी दार बंद झालं, फरशी तापली,
की कुणाचं तरी एक मेंढरू
भिंतीच्या सावलीला येतं.
जुन्या दगडाला खार सुटलाय, तो चाटत राहतं,
नेमकं त्या ओळींवरून,
मान वाकडी करून, अगदी चवीनं.
रखवालदार काठी उचलतो.
मी म्हणतो, असू दे.
मोजणीला आलं असेल.