मागची बाजू

रात्री साडेअकराला रास्ता पेठेतला
डायलिसिसचा हॉल माझ्या ताब्यात येतो.
बारा खुर्च्या, बारा यंत्रं,
आणि पाचव्या खुर्चीवर राहिलेली
मेहेंदळे काकांची लोकरीची टोपी.
ती पिशवीत घालते, पिशवीवर नाव लिहिते.

आधी सगळं पुसून घ्यायचं.
मळावर औषध चालत नाही,
मळच औषध पिऊन टाकतो.
मग पाठीवर टाकी, हातात बंदूक.
मूठ घट्ट धरायची, नाहीतर आपल्यालाच चटका.
बटण दाबलं की
झोपमोड झालेल्या मांजरीसारखी ती गुरगुरते.

ट्रेनिंगला ताम्हाणे सर म्हणाले होते,
थेंबाला वीज दिली की थेंब थेंबाचं तोंड बघत नाही,
म्हणून सारखे पांगतात.
पण समोर लोखंड दिसू दे, रेक्झिन दिसू दे,
धावत जाऊन बिलगतात,
वळसा घालून मागच्या बाजूलासुद्धा.
"माझे चुलते असेच आहेत," नौशाद कुजबुजला.
सगळे हसलो. सरही.

मागची बाजू मात्र खरी.
सुई टोचताना माणूस दांडा वरून धरत नाही,
खालून आवळतो,
चार बोटं आत, अंगठा बाहेर.
फडकं तिथे पोचत नाही,
पोचलं तर कंटाळतं.
दोन हातांवरून मी नळी फिरवते
आणि ट्यूबच्या उजेडात
धुकं खाली पडायचं सोडून
दांड्याच्या पोटाशी वळतं.

तरी नऊ नंबरखालचं च्युइंगम
मला पत्र्याच्या तुकड्यानेच खरवडावं लागतं.
विजेलाही सगळं जमत नाही.

आई याच पेठांमध्ये कामाला यायची.
मागच्या बोळातून, मागच्या दाराने.
पैसे तिच्या ओंजळीत वरून पडायचे.
ती पायरीवर टेकून उठली
की तिथे पाणी शिंपडलं जायचं,
अगदी तेवढ्याच जागेवर,
हातभर इकडे नाही, हातभर तिकडे नाही.
त्या पाण्यात वीज नव्हती.
तरी त्याला नेमकं कळायचं कुठे जायचं.

मी लहान होते, शेजारी उभी असायचे.
माझ्या पायांवर उडालेलं ते गार लागायचं,
उन्हाळ्यात बरंही वाटायचं.
हे मी कुणाला सांगत नाही.

हॉल आता चकाकतोय.
औषध दहा मिनिटं ओलं राहायला हवं,
दहा मिनिटं कुणी कशाला शिवायचं नाही.

रात्रपाळीचा डॉक्टर दाराशी आला,
पोरसवदा, डोळे तांबारलेले.
"मावशी, माझी फाईल आत राहिली. येऊ?"
एक पाऊल आत पडलंच होतं.

"थांबा," म्हणाले.

त्याने पाऊल मागे घेतलं.
उंबऱ्याबाहेर उभा राहिला, हात खिशात,
दाराच्या चौकटीलाही न टेकता.

मी घड्याळाकडे बघितलं.
सात झाली होती.
"अजून तीन मिनिटं," मी म्हटलं,
आणि ती तिन्ही
पुरती होऊ दिली.