काय सोचा?

संक्रांत होऊन चार दिवस झाले,
सुदामा नगरच्या तारांत अजून पतंग लटकलेत,
आणि आमच्या गच्चीवर हे काठी घेऊन उभे.
नऊ फुटी. मागे, थांब, पुढे.
मागे, थांब, पुढे.
दोर हवेत एक लांबलचक ळ काढतो
आणि टाकीजवळ ठेवलेल्या परातीत पडतो.
बहुतेकदा पडत नाही.
पलीकडच्या गच्चीवरून बिल्लोऱ्यांचा नातू ओरडतो,
"काका, पतंग कट गई क्या?"

मे महिन्यात पुन्हा तिकडेच. पाचव्यांदा.
जाऊबाई म्हणाल्या, जग काय तेवढंच आहे?
दुबई आहे, बाली आहे.
स्लोव्हेनिया म्हणजे नक्की येतं तरी कुठं?
मी नकाशावर करंगळी टेकवली.
नखाखाली सगळा देश झाकला गेला.

नदीचं नाव सोचा.
इंदुरात हे सांगायची सोय नाही.
कहाँ जा रहे हैं? सोचा.
क्या सोचा?
बँकेतल्या बाई, दूधवाला, तिकिटं काढणारा जैन,
सगळे एकदा हसतात
आणि मग विचारतात, मासे तिकडे महाग असतील ना?

खायचे नाहीतच.
माशीनं मासा धरायचा, बघायचा, सोडून द्यायचा.
सासूबाई होत्या तेव्हा हातातला घास तसाच धरून म्हणाल्या होत्या,
"सोडायचाच, तर इतक्या लांब धरायला कशाला जातोस, भालू?"
टिपणिसांच्या घरी हाती आलेला मासा
परत गेल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

माश्या हे स्वतः बांधतात.
जेवणाच्या टेबलाला शिकंजा लावून,
कोंबडीची पिसं, माझ्या महेश्वरीच्या काठातली जर,
एकदा तर बिल्लोऱ्यांच्या कुत्र्याचे केस.
श्वास रोखून. चष्म्यावर चष्मा.
मंगळसूत्र बांधताना एवढी काळजी नव्हती.

मी मासे धरत नाही. मी फिरते.
दगडी पूल, बुटकं चर्च, शनिवारचा बाजार,
आणि झ्देंकाचं स्वयंपाकघर.
तिच्यासाठी शेव नेते, लवंगेची, ती मध देते.
एकमेकींचे बारा शब्द येतात आम्हाला,
त्यातले चार नवऱ्यांबद्दल.
दुपारी काठावर जाऊन बसते.
हे कमरेएवढ्या हिरव्यानिळ्या पाण्यात,
माझ्याकडे पाठ करून.
चौतीस वर्षं वीज मंडळात
लोकांच्या बिलांखाली वाकलेली ती पाठ
तिथं सरळ असते.
मी तेवढ्यासाठी जाते.
हे जाऊबाईंना कुठं सांगत बसू?

दिवाळीआधी गुडघा बदलला.
डॉक्टर म्हणाले, वाहत्या पाण्यात नको, काठावरून काय ते करा.
हे काही बोलले नाहीत.
परवा पार्सल आलं. पाण्यात घालायचे बूट.
पाच नंबर.
ह्यांचा आठ आहे.
मीही काही विचारलं नाही,
कपाटात शालूच्या खाली ठेवून दिले.

काल संध्याकाळी म्हणाले, "जरा मासा हो."
म्हणजे?
"टाकीपाशी उभी राहा. टोक धर. ओढ."
केसाएवढा नायलॉन, बोटाला दोन वेढे.
मी ओढलं.
"इतका गरीब मासा नसतो गं."
मग पदर खोचला.
टाकीला वळसा घातला, वाळत घातलेल्या टॉवेलांतून निघाले,
रीळ किर्र वाजायला लागलं, काठी वाकली,
बोटाला रग लागली, आणि दोराच्या त्या टोकाला
ह्यांचा हात थरथरतोय ते मला कळत होतं,
दिसत नव्हता, तरी.
चाळीस वर्षांत असा नेमका कळला नव्हता.

हे गुंडाळत गुंडाळत जवळ आले,
लंगडत, हसत.
मनगट धरलं, बोटाचे वेढे सोडवले.
मला धाप लागलेली.
"आता?"
"आता सोडायचं," म्हणाले
आणि मनगट धरून तसेच उभे राहिले.

बिल्लोऱ्यांचा नातू कठड्यावर ओणवा होऊन बघत होता.
खाली वरण तळाला लागलं.