उणे चार

ग्रिम्सबीत हिवाळ्यात चारलाच अंधारतं.
सत्तावीस वह्या, एक कोमट हीटर,
मैदानावर वाऱ्याकडे चोच करून बसलेले सीगल.

इथे रीतीला वर्किंग म्हणतात. म्हणजे काम.
काम दाखवा, मी रोज सांगते,
आणि आत कुठेतरी बार्शीच्या बेलसरेबाई खेकसतात :
रीत कुठाय गं? उत्तर काय आभाळातून पडलं?

उदाहरण मीच रचलेलं, बसमध्ये, घाईघाईत.
आई चव्वेचाळीस, मुलगी बारा.
किती वर्षांपूर्वी आईचं वय
मुलीच्या तिप्पट होतं?

ओस्कारनं नुसतं लिहिलंय : ४.
चार काय? वर्षं? पेट्या? मासे?
खाली दोन रेघा मात्र पट्टीनं.

जॉर्डीनं क्ष मानला,
पण क्ष म्हणजे कोण, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.
पाहुणा जेवून गेला, नाव विचारायचं राहिलं.

आणि केझाया :
४४ − १२ = ३२ ÷ २ = १६ − १२ = ४.
म्हणजे चव्वेचाळिसातून बारा गेले की उरले चार.
अगं, बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आणि मग’ नव्हे,
तराजू आहे तो. दोन्ही पारड्यांत बघ.

बाराव्या वहीत माझ्या लक्षात आलं.
मला ‘वर्षांनी’ लिहायचं होतं.
उत्तर उणे येतं.
कित्येकांचं आलंही होतं :
चारच्या आधी कागद खरवडलेला,
खोडरबराचा करडा डाग.
आपलंच चुकलं असणार, असं वाटून
पुसून टाकलेली एक छोटी आडवी रेघ.

टॅम्सिन प्रिडीनं पुसली नाही.
समजा, क्ष वर्षांपूर्वी.
मग एका ओळीत एकच पायरी,
सावकाश, जिना उतरणाऱ्या म्हातारीसारखी.
क्ष = −४.
आणि खाली वाक्य, पूर्णविरामासकट :
असं अजून झालेलं नाही. चार वर्षांनी होईल.
ताळा : अठ्ठेचाळीस, सोळा.

मी बरोबरची खूण केली.
मग तिच्याच वहीत, समासात, लिहिलं :
प्रश्न चुकला होता. माझा.
आणि बाकीच्या वह्या
परत पहिल्यापासून उघडल्या.

फोन वाजला. घरून.
कधी येतेस, लेकीनं विचारलं.
बारा वर्षांची आहे.
वीस, मी म्हटलं, डोळे वहीतच.

वीस काय, आई?