एकास आठ

ऑर्थो चालू असला की रेघ हट्टी होते,
आडवी नाहीतर उभी, मधलं काही मान्य नाही.
एफ-आठ दाबते. सुटते.

तारामुंबरीला होड्या चढवायचा उतार,
'एकास आठ' असं कुडाळच्या साहेबांनी
पेन्सिलीनं लिहून पाठवलंय.
म्हणजे किती अंश, ते विचारायचं नसतं.
नवी होते तेव्हा विचारायचे.
सात पूर्णांक काहीतरी यायचं,
ते काहीतरी सोडून नुसते सात टाकले
तर चोवीस मीटर चढून गेल्यावर
धक्क्याला पाच सेंटिमीटर कमी.
नाळीला ठेच लागायला तेवढे पुरतात.

म्हणून आता अशी काढते:
ओहोटीच्या खुणेपासून आडवी चोवीस,
तिच्या टोकाशी उभी तीन,
दोघींची मोकळी टोकं जोडायची
आणि दोघींना पुसायचं.
तिरकी तेवढी उरते,
जशी काही एकटीच आली होती.

दुपारी रुपाजी कोयंडे आले.
चपला बाहेर, बोटांना इंजिनाचं वंगण.
बराच वेळ बघून म्हणाले,
"ह्यो उतार आठ माणसांचो."
मी म्हटलं, हो, एकास आठ.
"तसां न्हय गो. ओढूक आठ माणसां लागतली.
आमी चार रवलंव."
चार म्हणजे ते, जावई,
गुडघा धरून चालणारा बुधाजी,
आणि शाळेतून वेळेत सुटला तर नातू.
बाकीचे मडगावला. एक मस्कतला, क्रेनवर.

मग बोट टेकवलं स्क्रीनवर,
रेघ पाण्यात जाते तिथं.
"हय शेवाळ. हय टाच रवना नाय."
माझ्या रेघेला शेवाळ नव्हतं.
ते काढायची कमांड मला ठाऊक नाही.

ते गेल्यावर चित्र जवळ ओढलं, लांब नेलं,
रेघ सरकली, धक्का सरकला, समुद्र सरकला,
वंगणाचा डाग तिथंच.

दिवे लावायच्या वेळी बसून
अॅट, तीस, स्वल्पविराम, तीन.
एकास दहा.
सहा मीटर काँक्रीट वाढलं,
साहेब विचारतील कुणाला विचारून,
तेव्हा काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.
खालच्या नऊ मीटरांत आडव्या खाचा दिल्या,
टाचेच्या मापानं, माझ्याच,
कारण दुसरी टाच ऑफिसात नव्हती.

छापून न येणारा एक लेयर असतो.
त्यावर उताराच्या मध्यावर
चार लहान वर्तुळं काढून ठेवली,
चौथं जरा मागे, दप्तरासकट.

फाइल पाठवली. स्क्रीन अजून पुसलेली नाही.