अक्षांश आधी

एका टिंबाला दीड रुपया.
लाल म्हणजे पिझ्झा, पिवळं म्हणजे बर्गर,
तळलेल्या कोंबडीला पांढरं द्यायचं,
असं पुण्याच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं.
पांढरं का, ते मी विचारलं नाही.

अशोक चौकाच्या मागं, पत्र्याखालच्या खोलीत,
मे महिन्यात, पंख्याच्या गरम वाऱ्यात
मी देश भरते.
लुधियान्याची फाईल गेली, कोईमतूरची आली.
दर पंधराव्या दुकानाला फोन लावून खात्री करायची:
चालू आहे का?
हुबळीचा माणूस ऑर्डरच लिहून घ्यायला लागला.
जोरहाटची मुलगी म्हणाली, बंद झालं, कालच,
मी फक्त खुर्च्या मोजायला आलेय.
मग थांबून,
तुमच्याकडं काही काम आहे का?
मी ती ओळ करडी केली.
करड्यालाही दीडच.

सोलापूर आलं तेव्हा रात्रीचे अकरा.
मुद्दाम शेवटी ठेवलं नव्हतं,
यादीत आपलं अक्षरच मागं.
होटगी रोड, सात रस्ता, जुळे सोलापूर,
बोटांवर मावतील एवढी.
टाकली, तर गाव मोकळंच.
शोधत वर गेले, पार वर,
नकाशा जिथं संपत येतो तिथं
बर्फाच्या समुद्रात
सात रस्त्याचा पिझ्झा तरंगत होता.
अक्षांशाच्या जागी रेखांश पडलं होतं, एवढंच.
इकडं भिंतीला रात्रीसुद्धा हात लावता येत नव्हता.
दुरुस्त करायच्या आधी तसंच ठेवलं थोडा वेळ.
त्या गारठ्यात आमच्या गल्लीतला अंबादास गाजूल,
लाल टी-शर्ट, पाठीवर चौकोनी पिशवी,
एखाद्या अस्वलाला पत्ता विचारत असेल,
कन्ना चौकाच्या पुढं, का अलीकडं?

नाना पाणी प्यायला उठले.
नाना म्हणजे चाळीस वर्षं ग्राफच्या कागदावर
चादरीची नक्षी मांडलेला माणूस.
मोर, कमळ, ताजमहाल,
एकदा कुणाच्या तरी हौसेखातर विमान.
चौकोन भरला की धागा वर,
रिकामा ठेवला की खाली.
त्यांना दुसरं काही वाचता येत नाही असं नाही,
पण सगळं तसंच वाचतात.

"काय करायलीस?"
"दुकानं, नाना. देशातली."
चष्मा नव्हता म्हणून पडद्याच्या अगदी जवळ आले.
वर दिल्लीपाशी लाल गच्च,
किनाऱ्यानं पिवळा काठ,
मधे हे एवढं मोकळं.
बराच वेळ बघितलं.
"नक्षी कुणी काढली? शिकाऊ दिसतोय.
इथनं इथपर्यंत धागा कुठं बांधलाच नाही."
बोट बस्तरवरून निघून बुंदेलखंडाकडं गेलं.
"एवढा लांब मोकळा सोडला की लोंबतो.
बाईच्या बांगडीत अडकतो,
झोपलेल्या पोराच्या अंगठ्यात अडकतो.
आणि तो एकटा निघत नाही कधी,
शेजारचे वीतभर घेऊन निघतो."

मी म्हटलं, तिथली माणसं पिझ्झा खात नसतील, नाना.
"आपण तरी कुठं खातो," ते म्हणाले,
"पण आपल्यावर टिंब आहे ना."

टिंब खाली आणलं. आधी अक्षांश, मग रेखांश.
पंधरावा नंबर नेमका त्याच ओळीवर पडला.
फोन लावला, तर अंबादासनंच उचलला,
मागं एसीची घरघर.
चालू आहे का, मी नियमानं विचारलं.
"चालू आहे की. तू येमुलांची ना?
ये की मग, लई गार आहे इथं."

नाना अजून उभेच होते.
बोट काढून घेतलं त्यांनी,
तर त्या मोकळ्या जागेवर घामाचा ठसा,
ओला, वाटोळा,
कुठल्याच रंगाचा नाही.
मी लगेच पुसला नाही.